पूर, सातबारा आणि गच्चीवरचा रविवार : मुलांसोबत पॉडकास्ट ऐकण्याबद्दल

गोदाकाठ

नमस्कार. मी परभणीत राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते, मुलगा नववीत आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर आमच्या घरात एक गोष्ट सुरू झाली. ती आता घरापुरती राहिलेली नाही, म्हणून हा धागा काढते आहे. थोडं सांगायचं आहे आणि बरंच विचारायचं आहे.

मुलाच्या वर्गातला एक मित्र दसरा होऊन गेला तरी शाळेत येईना. त्याचे वडील गंगाखेडच्या बाजूला गोदावरीकाठची दुसऱ्याची पाच एकर जमीन बटईनं, म्हणजे वाट्यानं, करतात. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली बसलं. मी मुलाला म्हटलं, फोन करून विचार, काही लागतंय का. तर म्हणाला, ‘आई, त्यांना पैसे मिळालेत. एकतीस हजार कोटी दिलेत सरकारनं, मी बघितलंय.’ कुठं बघितलंस? कुणाच्या तरी स्टेटसला. तीस सेकंदांचा तुकडा, मागं ढोल वाजतोय.

आकडा खोटा नव्हता. राज्य सरकारनं ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. पण त्या आकड्यापासून त्या मित्राच्या घरापर्यंत वाट जाते की नाही, हे तीस सेकंदांत कुठून कळणार? मी मुलाला रागावले, आणि रागावून काही होत नाही हेही मला लगेच कळलं.

त्या रात्री लसूण सोलायला बसले आणि नुकसानभरपाई कशी मिळते यावरचं वीस-बावीस मिनिटांचं एक मराठी पॉडकास्ट लावलं. त्याला ‘ये, ऐक’ असं म्हटलं नाही. तो आपला आपण येऊन बसला, लसणाच्या चार पाकळ्या उचलल्या. बाराव्या मिनिटाला त्यानंच फोन थांबवला. ‘सातबारा म्हणजे काय गं नक्की?’

सासऱ्यांच्या नावचा सातबारा कपाटात होता, तो काढून दाखवला. मदत हेक्टरी मोजतात, या पुराला कोरडवाहूला साडेआठ हजार होते, तेही तीन हेक्टरांपर्यंत, आणि पैसे जातात ते सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यात. त्यानं विचारलं, ‘मग बटईवाल्याचं नाव कुठं असतं?’ मी म्हटलं, बटई बहुतेक तोंडीच असते, कागदावर नसते. ‘म्हणजे पेरलं त्याच्या पप्पांनी, गेलं त्यांचं, आणि पैसे मालकाला?’ मालक समजदार असला तर त्यातले देतो, मी म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला आणि मित्राला फोन लावला.

बातमी समजणं म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं. त्याला आकडा आधीच माहीत होता, आणि त्या आकड्यामुळेच तो मित्राला फोन करत नव्हता.

मग रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर चार मुलं आली, पुढच्या वेळी सात. दूरच्या एखाद्या विषयासाठी बीबीसी मराठीचं ‘सोपी गोष्ट’ लावतो, कधी आकाशवाणीचं प्रादेशिक बातमीपत्र. फोन पालथा ठेवतो. चित्र मुद्दाम नको म्हणते. चित्र आलं की लेकरं बोलणाऱ्याचे कपडे बघतात, खालच्या कमेंटी वाचतात. नुसता आवाज असला की हात मोकळे राहतात आणि मधेच कुणीतरी ‘थांबवा, हे काय म्हणाले?’ असं म्हणतं. त्या थांबण्यासाठीच मी हे सगळं करते. आणि एक आहे, घरी जाऊन त्या विषयावर एका तरी मोठ्या माणसाला विचारून यायचं.

आता जमलं नाही तेही सांगते. तिसऱ्या रविवारी आरक्षणाचा विषय निघाला. आपल्याकडं २०२३ च्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनापासून मुलांच्या स्टेटसवरून त्यांची जात ओळखू येते, हे तुम्ही सगळे बघताच. आमच्या गच्चीवर मराठा, वंजारी, बौद्ध, मुसलमान, सगळ्या घरांतली मुलं. मी घाईत, आधी न ऐकता, एक मुलाखत लावली. ती एकाच बाजूची आहे हे निम्म्यात लक्षात आलं. बंद केली, पण तोवर दोन मुलं उठून गेली होती. पुढच्या रविवारी ती आली नाहीत. ती चूक माझी आहे. त्यांच्या घरी जाऊन आले, पण अजून जमलेलं नाही.

तुम्ही मुलांसोबत काय ऐकता? अवघड विषय कसे काढता? तेरा-चौदा हे वय त्यासाठी लहान आहे का?

उमरगेकर

वाचतोय. बटईदाराचा मुद्दा बरोबर धरला तुमच्या लेकरानं. आमच्याकडं हेच झालं.

मांजराकाठ

ताई, तुमची तळमळ कळते. पण मी वेगळं सांगतो. मी कळंबचा, मुलगी दहावीत आहे. आम्ही शेतकरी माणसं पोटाला चिमटा घेऊन पोरांना शिकवतो. तिनं गणित करावं, सायन्स करावं, लातूरला जावं. आरक्षण, जात, मोर्चे हे तिच्या डोक्यात आत्तापासून कशाला? आमच्या वेळी शाळेत कोण कुठल्या जातीचा हे आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं. तुमच्या गच्चीवरची दोन लेकरं उठून गेली, ती पॉडकास्ट लावलं नसतं तर गेली नसती. राग मानू नका.

गोदाकाठ

राग नाही दादा. ती दोघं गेली याची मला रोज टोचणी आहे. पण ती मुलं महिनाभर आधीपासून एकमेकांच्या डब्यातलं खात नव्हती. मुलाखतीनं ते दिसलं एवढंच.

खडूफळा

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. मांजराकाठ दादा, ‘आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं’ हे मीही म्हणायचो. मग एकदा वर्गात विचारलं की तुमच्या गावात कुणाची वस्ती कुठं आहे ते काढून दाखवा. पाचवीच्या पोरांनी न चुकता नकाशा काढला, कोणत्या विहिरीवर कोण, कोणत्या देवळासमोर कोण. मुलांना सगळं माहीत असतं. ते तसं का आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्या शाळेत दिवाळी झाली की पट निम्म्यावर येतो. आईबाप ऊसतोडीला जातात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात, काही आजीजवळ राहतात, बाकीची टोळीबरोबर जातात. तीन वर्षांमागं आठवीतल्या एका मुलीनं फडावरून आवाजी निरोप पाठवला : ‘सर, धडा कुठवर आला?’ मागं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. मला त्या रात्री झोप आली नाही. तेव्हापासून दर शनिवारी मी सहा-सात मिनिटांचं रेकॉर्डिंग करून गटावर टाकतो. थोडा धडा, थोड्या आठवड्याच्या बातम्या. ते ज्या जिल्ह्यात असतील तिथल्या बातम्या मुद्दाम घेतो. याला पॉडकास्ट म्हणतात हे मला नंतर कळलं. फडावर रेंज रात्री दहानंतर मिळते, तेव्हा लेकरं उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधताना ऐकतात.

मग मुलं उत्तरं पाठवायला लागली, आणि खरी गंमत तिथं सुरू झाली. शहरातल्या कुणीतरी ऊसतोड कामगारांवर केलेला एक भाग मी त्यांना ऐकवला. त्यात निवेदक म्हणाला की ‘कोयता हे त्यांचं हत्यार’. सातवीतल्या पोरानं उलट निरोप पाठवला : ‘सर, त्यांना माहीत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायको. आमचा काका एकटाय म्हणून त्याला अर्धा कोयता म्हणतात.’ बरोबरच आहे. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर देतो, म्हणजे जोडीवर. जोडी असली की उचल पूर्ण मिळते, म्हणून पोरीचं लग्न लवकर लावायची घाई होते. आणि उचल हातात पडते ती पुरुषाच्या. बाई तेवढाच ऊस तोडते, पण मुकादमाच्या वहीत तिचं नाव नसतं. गोदाकाठ ताई, तुमच्या मुलाला सातबाऱ्यात जे दिसलं तेच हे.

एका विषयावर मी स्वतः बोललो नाही. ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये देशभर गेली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. आमच्या वर्गातल्या काही जणींच्या आया त्यातून गेलेल्या. त्यावरचे ऐकण्याजोगे भाग आहेत, पण ते मी गटावर टाकले नाहीत. शेजारच्या शाळेतल्या बाईंना बोलावलं. त्यांनी नववी-दहावीच्या मुलींना वेगळं बसवून ते ऐकवलं आणि नंतर दोन तास त्यांच्याजवळ बसल्या. काही विषय कानात घालून मोकळं होण्यासारखे नसतात. लेकराजवळ माणूस बसलेला लागतो.

पाणबुडी

खडूफळा सर, तुमची रेकॉर्डिंग सार्वजनिक आहेत का? ऐकायला आवडेल.

खडूफळा

नाहीत. पालकांना तसा शब्द दिलाय. लेकरांचे आवाज आहेत त्यात.

नागसेनवन_७६

माझं वय एकोणसत्तर. संभाजीनगरला मिलिंद महाविद्यालयात शिकलो. बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेलं महाविद्यालय, नागसेनवनाचा तो परिसर आजही डोळ्यांपुढून जात नाही. पॉडकास्ट वगैरे मला नातीमुळं कळलं. ती पुण्याला अकरावीत आहे. तिनं मराठवाड्याच्या इतिहासावरचा एक भाग ऐकला, पाऊण तासाचा. त्यात हैदराबाद संस्थान, स्वामी रामानंद तीर्थ, पोलीस ॲक्शन, १७ सप्टेंबर १९४८, सगळं नीट होतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला चार मिनिटं होती. तिनं फोन केला : ‘आजोबा, तुम्ही तेव्हा तिथंच होता ना? चारच मिनिटांचं होतं का ते?’

सोळा वर्षं लागली त्याला. विधिमंडळानं ठराव केला २७ जुलै १९७८ ला. आम्ही खोलीवर रेडिओला कान लावून बसलो होतो. आनंद एक रात्र टिकला. मग गावागावांतून जळालेल्या घरांच्या खबरा यायला लागल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. माझे आईवडील गावी, आणि गावाकडची एसटी बंद. सहा दिवस मला माहीत नव्हतं की ते आहेत का नाहीत. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं ते ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असं. तोवर मी नोकरीला लागून मुलांचा बाप झालो होतो.

हे मी माझ्या मुलांना कधी सांगितलं नाही. त्यांच्या डोक्यात कशाला, असंच मलाही वाटायचं. मांजराकाठ, तुमचं म्हणणं मला परकं नाही म्हणून हे सांगतो. नातीनं फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि मी दोन तास बोललो. आमच्या घरच्यांना सहा दिवस कुणी सांभाळलं तेही सांगितलं. एका मराठा कुटुंबानं धान्याच्या कोठीमागं लपवलं होतं. ते नाव आमच्या घरात आजही आदरानं घेतात. आता विचार करतो, मी गप्प बसलो त्यात फक्त वाईट लपलं नाही, ते चांगलंही लपलं. माझ्या मुलांना दोन्ही माहीत नव्हतं.

तुमच्या गच्चीवरच्या लेकरांना एक सांगा ताई. कुठल्याही भागात एखादी गोष्ट चार मिनिटांत संपली, तर ती ज्याच्यावर गुदरली त्याला शोधा. मराठवाड्यात अजून ती माणसं आहेत. फार वर्षं नसतील.

लातूर_होस्टेल

मी सतरा वर्षांची आहे, लातूरला अकरावीत, नीटची तयारी करते. इथं सगळे मोठे आहेत पण बोलू का?

आम्ही बातम्या बघत नाही असं सगळे म्हणतात. आम्ही बघत नाही, पण त्या आमच्यापर्यंत येतात. होस्टेलला फोन रात्री एक तास मिळतो, त्यात कपडे धुवायचे, घरी बोलायचं. मी कपडे धुताना पॉडकास्ट ऐकते कारण तेवढ्यात दुसरं काही करता येत नाही.

मला एक सांगायचंय जे मोठ्यांना कळत नाही. रोज एकच आवाज कानात असला की तो माणूस आपल्या घरचा वाटायला लागतो. एका पॉडकास्टचे दादा मला इतके आवडायचे की ते म्हणतील ते मला खरं वाटायचं. ते एकदा म्हणाले की आरक्षण घटनेत फक्त दहा वर्षांसाठी होतं आणि पुढाऱ्यांनी मतांसाठी ते वाढवत नेलं. मी हे वर्षभर मैत्रिणींना सांगितलं. भांडले पण. माझी एक मैत्रीण त्यानंतर माझ्याशी कमी बोलायला लागली. मग माझ्या मावसबहिणीनं, ती लॉ करते, मला घटनेतलं कलमच दाखवलं. दहा वर्षांची मुदत लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांची आहे, शिक्षण-नोकरीची नाही. मला खूप वाईट वाटलं. मी मैत्रिणीला सॉरी म्हटलं, पण त्या दादांनी कधीच सॉरी म्हटलं नाही. तो भाग अजून तसाच आहे.

आता मी नवीन काही ऐकायला लागले की आधी हे बघते, ते चुकले तर पुढच्या भागात सांगतात का. सांगत असतील तर ऐकते.

वकीलीण_नांदेड

लेकी, तू ‘बोलू का’ असं विचारूच नकोस.

तिच्या बहिणीनं बरोबर सांगितलंय. मुदत आहे ती कलम ३३४ मध्ये, आणि ती वाढवत आत्ता २०३० पर्यंत आणलीये. शिक्षण-नोकरीतल्या आरक्षणाचा आधार कलम १५(४) आणि १६(४), त्यांना मुदत नाही. हा एक गैरसमज मी कोर्टाच्या कँटीनमध्ये वकिलांच्या तोंडूनही ऐकते. मुलांसोबत ऐकताना घटनेची मराठी प्रत जवळ ठेवा. कलम उघडून वाचायला दोन मिनिटं लागतात. मुलांना त्यात फार रस येतो, कारण बोलणारा मोठा माणूस चुकीचा निघू शकतो हे त्यांना पहिल्यांदाच दिसतं.

मुलं स्वतः रेकॉर्डिंग करायला लागली असतील तर एक काळजी घ्या. आमच्याकडं एका शाळेत मुलांनी बालविवाहावर भाग केला. विषय योग्यच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, परभणी जिल्ह्यात ४८ टक्के. तर मुलांनी उत्साहानं वर्गातल्या ज्या मुलीचं लग्न ठरत होतं तिचं नाव घेऊन, तिच्या गल्लीचं नाव घेऊन सगळं सांगितलं. हेतू तिला वाचवायचा. ते रेकॉर्डिंग फिरलं आणि घरच्यांनी मुलीला दुसऱ्या गावी नेलं. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नं बंदी आहे, आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख जपायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. अठराच्या आत लग्न लावण्याचा धोका असलेली मुलगी त्यात येते. नुसतं नाव गाळून भागत नाही. गाव, शाळा, नातं, आवाज यांवरूनही ओळख पटते. लग्न थांबवायचं असेल तर रेकॉर्डिंग नको, चाइल्डलाइनच्या १०९८ ला फोन करा. तो नंबर मुलांच्या वहीत असावा.

पाणबुडी

तांत्रिक बाजू कुणी लिहिली नाही म्हणून थोडक्यात. फक्त आवाजाचा अर्ध्या तासाचा भाग ६४ केबीपीएसला सुमारे १४ एमबी होतो. तोच व्हिडिओ बघाल तर त्याच्या कैक पट डेटा जातो. वायफायवर उतरवून घ्या, ब्लूटूथनं एकमेकांना द्या. रेकॉर्डिंग करताना गोधडी अंगावर घेऊन बोललं की घुमत नाही, खास माईक लागत नाही. बोलणारा भरभर बोलत असेल तर वेग पाऊण पट करा, आजी-आजोबांनाही मग नीट कळतं.

परळीवेस

आमच्या जिल्ह्यात २०२५ मध्ये आडनावावरून जात बघण्याचं इतकं झालं की बीड पोलिसांनी नावाच्या पाट्यांवर फक्त पहिलं नाव ठेवलं. माझ्या मुलानं विचारलं, ‘मग आपण पण काढायचं का?’ मला उत्तर देता आलं नाही. इथं कुणी दिलंय का आपल्या मुलाला?

नागसेनवन_७६

आम्ही काही जणांनी आडनाव बदलून पाहिलं होतं. लोक मग गाव विचारतात, गावावरून गल्ली विचारतात. मुलाला हे सांगा. काढायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

मांजराकाठ

दहा दिवसांनी लिहितोय. तुमचं सगळ्यांचं वाचलं, नागसेनवन सरांचं दोनदा वाचलं.

मुलीला मागच्या आठवड्यात पिकअपमधून लातूरला नेत होतो. क्लासची चौकशी करायची होती, माझी आई पण सोबत, डोळ्याच्या दवाखान्यात दाखवायला. हा धागा मुलीला दाखवला होता. तिनं वाटेत फोनवर पारीच्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, साइटवरच्या जात्यावरच्या ओव्या लावल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या. माझ्या मनात आलं, आता आई काय म्हणते. आई जुन्या वळणाची आहे, सोवळंओवळं फार पाळलेलं आहे तिनं.

आई दोन-तीन ओव्या गप ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘चाल आपलीच हाय की.’ आणि तिनं त्याच चालीत तिच्या भावावरची ओवी म्हटली. मुरूडपर्यंत म्हणत होती. मी तिला पंचवीस वर्षांत गाताना ऐकलं नव्हतं. मुलीनं विचारलं, ‘आजी, त्या बाया आपल्या घरी दळायला यायच्या का?’ आई म्हणाली, ‘यायच्या. वट्यापर्यंत.’ मुलगी म्हणाली, ‘आत का नाही?’ गाडीत कुणी बोललं नाही. लातूर येईपर्यंत आई खिडकीतून बाहेर बघत होती.

आम्हाला कोण कुठल्या जातीचं हे माहीत नव्हतं असं मी वर लिहिलंय. ते मी मागं घेतो. आम्हाला माहीत होतं. आम्ही ओट्याच्या वर होतो म्हणून कधी बोलायची वेळ आली नाही. परीक्षा आधी, हे माझं मत अजून तेच आहे. पण गाडीत ऐकायला हरकत नाही.

खडूफळा

दादा, हे लिहिलंत याबद्दल मनापासून धन्यवाद. परवानगी असेल तर फडावरच्या लेकरांना वाचून दाखवतो, गावाचं नाव न घेता.

मांजराकाठ

दाखवा. आईला विचारलंय.

गोदाकाठ

पुढचं सांगते. गेलेल्या दोघांपैकी एक जण आला. खाली गेटजवळ सायकलवर बसून ऐकत होता, वर आला नाही. मी आवाज थोडा मोठा केला. दुसरा अजून येत नाही.

परवा आम्ही किल्लारीच्या भूकंपावरचा एक भाग ऐकला. मी लावला नव्हता, मुलांनी शोधला. पुराच्या मदतीवर बोलता बोलता एकीनं विचारलं होतं की याआधी एवढं मोठं संकट आलं तेव्हा कसं वाटप केलं होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र, दगड-मातीच्या माळवदाखाली झोपलेली हजारो माणसं गेली, हे मलाही माहीत होतं. पण पुनर्वसनातली घरं जमिनीवरून ठरली होती हे मला या वयात कळलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत चारशे, त्याच्यावर साडेसातशे.

मुलानं तिथं फोन थांबवला. म्हणाला, ‘भूकंपानं घर पाडताना सातबारा बघितला नव्हता. देताना का बघितला?’ त्यावर बटईवाल्यांचा मुलगा, तो आता दर रविवारी येतो, म्हणाला, ‘पण ज्याचा वाडा होता त्याला अडीचशे फूट दिलं असतं तर तो गेला असता का राहायला?’ मग अर्धा तास नुसता वाद, आणि एकदाही कुणाची जात निघाली नाही. एक मुलगी म्हणाली, माणसं मोजून द्यायचं होतं, घरात जितकी माणसं तितकी खोली. दुसरी म्हणाली, मग ज्यांची माणसंच गेली त्यांचं काय? मी काहीच बोलले नाही. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि त्यांनी मला विचारलंही नाही.

मुलांना आता अशा एखाद्या माणसाला विचारायचं आहे ज्यानं त्यातल्या लहान घरात दिवस काढले. प्रश्न त्यांनी वहीत लिहून ठेवलेत, बावीस झालेत. त्रास होणारे वाटले ते मी काढायला लावले. या धाग्यावर त्या बाजूचं कुणी आहे का? रेकॉर्डिंग नको असेल तर करणार नाही. मुलं नुसतं ऐकतील.

तेरणाकाठ

मी सास्तूरची आहे. इथं नुसती वाचायला येते, आज पहिल्यांदा लिहिते. तेव्हा नऊ वर्षांची होते. आम्हाला अडीचशे फुटांचं मिळालं, सहा माणसांना. रेकॉर्डिंग केलं तरी चालेल. जे प्रश्न तुम्ही काढायला लावलेत ते पण राहू द्या. मी सात वाजता कामावरून येते, त्यानंतर फोन लावायला सांगा लेकरांना.